विरघळून जाणार, तर मग पैसे कशाचे?



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मधुमेह, रक्तदाब, बायकांची अंगावर काढलेली दुखणी, लेकरांचा खोकला असे विषय नेहमी असतात. या खेपेस मात्र बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातल्या डोणगावहून एका भगिनीने जे विचारले आहे, त्याचे उत्तर चार ओळींत देणे शक्य नव्हते. म्हणून आजचे सगळे सदर त्या एका पत्रासाठी दिले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळतो.

ताई लिहितात, की मृगाच्या आधी घरावरचे पत्रे नीट करताना त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा उजवा हात मनगटापाशी, करंगळीच्या बाजूने कापला. एका दवाखान्यात टाके घातले. दहा-बारा दिवसांत जखम भरली, टाके निघाले. सर्वांना वाटले, निभावले. परंतु करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू तेव्हापासून बधिर आहे. आता चार महिने झाले. पेन नीट धरता येत नाही, बोटे एकमेकांपासून फाकवता येत नाहीत, अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांमधला मांसल भाग खोल गेला आहे. शेवटी शहरातल्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितले, की नस तुटलेली आहे व दोन टोकांत अंतर पडले असणार. पायातली नस काढून जोडावी लागेल, किंवा विरघळणारी नळी बसवावी लागेल.

तेव्हापासून घरात तीन प्रश्न आहेत. पायातली नस काढली तर पोरगा लंगडा होईल का? नळी अंगात विरघळूनच जाणार असेल, तर मग पैसे कशाचे घेतात? आणि सोयाबीन निघाले की हाती पैसा येईल, तेव्हा दिवाळीनंतर गेले तर चालेल ना?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही सर्वांत आधी देतो. ताई, चालणार नाही. सोयाबीन थांबेल, पैसाही थोडा थांबेल. हाताचे स्नायू थांबत नाहीत. असे का, हे समजले की बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे आपोआप उलगडतील.

नस म्हणजे कोणती नस?

आपण बोलताना रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीलाही नस म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या दोरीलाही नसच म्हणतो. या दोन अगदी निरनिराळ्या वस्तू आहेत. रक्ताची नस तुटली तर रक्त उडते, सगळे धावतात. दुसरी नस, जिला पुस्तकात मज्जातंतू म्हणतात, ती तुटली तर रक्त उडत नाही, पुष्कळदा दुखतही नाही, उलट तो भाग गप्प होतो. त्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. रक्त थांबले, टाके पडले, की काम झाले असे समजून माणूस घरी येतो. संविधानाचे काम चालू असताना पूज्य बाबासाहेबांना मधुमेहाबरोबर पायांतील याच मज्जातंतूंच्या दुखण्याने झोप लागू दिली नव्हती. डोळ्याला न दिसणारी ही दोरी माणसाला किती हैराण करते, हे त्यावरून कळावे.

मज्जातंतू म्हणजे विजेच्या जाड केबलसारखा असतो. वरून एक आवरण, आत लहान लहान जुड्या, प्रत्येक जुडीत हजारो बारीक धागे. मनगटातून हातात अशा मुख्य दोऱ्या जातात. एक अंगठा आणि त्याच्या बाजूच्या बोटांची संवेदना सांभाळते. दुसरी करंगळीच्या बाजूने जाते. करंगळी व शेजारच्या अर्ध्या बोटाची संवेदना आणि पंजातील बहुतेक बारीक स्नायू तिच्या ताब्यात असतात. ताईंच्या मुलाची हीच दुसरी दोरी तुटलेली दिसते.

ती तुटली की काय होते, हे ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या जिभेतील मज्जातंतू कापून दाखवून दिले. या धाग्यांचे मूळ मेंदूत किंवा पाठीच्या कण्याजवळ असते. म्हणून कापलेल्या जागेच्या वरचा, म्हणजे मुळाशी जोडलेला भाग जिवंत राहतो, आणि खालचा, बोटांकडचा भाग काही दिवसांत आतून मरतो. आत नुसती रिकामी आवरणे उरतात, वाळलेल्या बोरूसारखी. वरचे टोक मात्र हार मानत नाही. त्याला कोंब फुटतात आणि ते खाली वाढू लागतात. खालच्या रिकाम्या आवरणात त्यांना वाट सापडली तर ते बोटापर्यंत पोहोचतात. वाट सापडली नाही तर तेथेच गुंतून त्यांची एक गाठ होते, आणि त्या गाठीला धक्का लागला की वीज चमकल्यासारखी कळ येते.

कोंबांचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. मनगटापासून बोटाच्या शेंड्यापर्यंत जायलाच सहा महिने किंवा अधिक लागतात. इकडे ज्या स्नायूला मज्जातंतूचा हुकूम येत नाही तो वाळत जातो, आणि वर्ष-दीड वर्षाने इतका खराब होतो, की मग कोंब पोहोचले तरी तो उठत नाही. आता ताईंनीच हिशोब करावा. चार महिने गेले आहेत. दिवाळी, मग लग्नसराई, मग उन्हाळा असे करता करता आणखी सहा महिने सहज जातात. म्हणून आम्ही म्हणतो, सोंगणी दुसऱ्याच्या हातांनी होईल, मुलाला आता न्या.

अंतर कसे भरून काढायचे?

जखम ताजी असेल, कापलेली कड स्वच्छ असेल, तर दोन्ही टोके समोरासमोर आणून सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने शिवतात. हे सर्वांत चांगले. पण त्यासाठी ताण पडता कामा नये. ताणून शिवलेली नस आतून उपाशी राहते आणि जोड फुकट जातो. बरेच दिवस गेलेले असले, की टोके आखडून दूर सरकतात, वर गाठ झालेली असते, ती कापून टाकावी लागते, आणि मधे अंतर पडते. कोंबांनी ते ओलांडायचे कसे?

एक जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे त्याच माणसाच्या पायातील, पोटरीच्या मागून जाणारी एक मज्जातंतूची दोरी काढून तिचे तुकडे मधे बसवणे. व्हिएन्नाचे शल्यविशारद हान्नो मिलेसी यांनी १९७० नंतरच्या काळात ही पद्धत बारकाईने बसवून दिली. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ही दोरी फक्त संवेदनेची असते. ती काढल्याने पाय लंगडा होत नाही, चालणे-धावणे थांबत नाही. पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडा बधिरपणा राहतो, आणि पोटरीवर टाक्यांची खूण. पावलाचा एवढा बधिरपणा पत्करून हाताची शक्ती मिळवायची, असा तो सौदा आहे.

दुसरा उपाय नळीचा. कल्पना साधी आहे. दोन्ही टोके एका बारीक नळीच्या दोन तोंडांत बसवायची. नळी आजूबाजूचे मांस आत येऊ देत नाही, आणि कोंबांना भलतीकडे जाऊ न देता समोरच्या टोकाकडे नेते. विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यापर्यंत न्यावे तसे. ही कल्पना आजची नाही. १८८२ साली व्हानलेर या संशोधकाने कुत्र्याच्या पायातील तुटलेल्या मज्जातंतूच्या दोन टोकांमध्ये, आम्लात मऊ केलेल्या हाडाची नळी बसवून पाहिली होती. पुढे शंभर वर्षांनी स्वीडनच्या गोरान लुंडबोर्ग यांनी सिलिकॉनची नळी वापरली. नळीत कोंब वाढले, म्हणजे कल्पना खरी ठरली. पण सिलिकॉन कधी जात नाही. काम संपल्यावरही ती नळी हातात पडून राही, काहींना टोचू लागे, आणि मग ती काढण्यासाठी पुन्हा चिरफाड. म्हणून काम होईपर्यंत टिकणारी आणि काम झाल्यावर आपण होऊन जाणारी नळी डॉक्टरांना हवी होती.

अशी वस्तू घरोघरच्या बायाबापड्यांनी आधीच पाहिलेली आहे. बाळंतपणात पडलेले काही टाके काढावे लागत नाहीत, ते 'आपोआप गळतात' असे नर्सबाई सांगतात. पूर्वी त्यासाठी मेंढीच्या आतड्याचा दोरा वापरीत. १९७० च्या सुमारास कारखान्यात तयार केलेला पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा दोरा आला. ज्या ग्लायकॉलिक आम्लापासून तो बनतो, ते उसाच्या रसातही सापडते. अंगातल्या ओलाव्याने या दोऱ्याची साखळी हळूहळू तुटते, तिचे लहान तुकडे होतात, आणि शरीर ते वापरून किंवा बाहेर टाकून मोकळे होते. याच पदार्थाची नळी करून सुसान मॅकिनन आणि ली डेलन या शल्यविशारदांनी बोटांतील तुटलेल्या मज्जातंतूंना जोडल्याचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध केला. दुसरी एक नळी ज्या पदार्थापासून करतात, त्यात दह्याला आंबटपणा देणाऱ्या लॅक्टिक आम्लाचा वाटा असतो. खेकडा-कोळंबीच्या कवचापासूनही नळी करतात. कोणती नळी तीन-चार महिन्यांत जाते, कोणती वर्ष-दीड वर्षात, कोणती त्याहूनही उशिरा.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. विरघळून जाणार, तर पैसे कशाचे? ताई, घराचा स्लॅब टाकताना खाली लाकडी बल्ल्या आणि फळ्यांचा सेंट्रिंग लावतात. स्लॅब पक्का झाला की सेंट्रिंग काढतात. म्हणून सेंट्रिंगवाल्याने फसवले असे कोणी म्हणत नाही. तो सेंट्रिंग तसाच राहिला तर मात्र घरात वावरता येणार नाही. नळीचेही तसेच. ती कायम राहिली तर अडचण, आणि फार लवकर गेली तर कोंब अर्ध्या वाटेत उघडे पडतील. जाण्याची वेळ बरोबर साधणे, यातच तिची सगळी किंमत आहे. जगात टिकणारे काही नाही, हे तथागतांनी आपल्याला शिकवले. आपण ते ऐकून कधी कधी खिन्न होतो. पण येथे वस्तूचे अनित्य असणे हेच औषध ठरले आहे.

विटाळ कोठे होता?

एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळालेली एक प्रसिद्ध नळी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची आहे. हे कोलॅजेन गुरांच्या पायातील, टाचेमागच्या दोरखंडासारख्या जाड पट्ट्यातून काढतात, शुद्ध करतात, आणि त्याची नळी करून माणसाच्या हातात बसवतात. ज्यांच्या हातात ती बसते, त्यांना कोणी जात विचारत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांवर मेलेली ढोरे ओढण्याचे काम लादले गेले होते. ते काम केले म्हणून, आणि ते काम करावेच लागे म्हणून, त्यांना विहिरीवर येऊ दिले जात नव्हते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस आणि ही लाचारी सोडण्यास सांगितले. आपल्या लोकांनी ती सोडली, चांगले केले. ते परत धरायचे नाही. पण त्याच गुराचा तोच भाग प्रयोगशाळेत जाऊन आला, की तो जगातील नामांकित शल्यविशारदांच्या हातात मानाने बसतो. म्हणजे विटाळ त्या वस्तूत कधीच नव्हता. तो माणसांनी माणसांवर लादला होता. आपल्या मुलांनी आता ही विद्या शिकून त्या प्रयोगशाळेत जावे.

विनयपिटकातील महावग्गात भगवान बुद्धांचे वैद्य जीवक यांची गोष्ट आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर गुरूंनी त्यांना सांगितले, की आसपास योजनभर फिर आणि ज्याचे औषध होत नाही असे झाड घेऊन ये. जीवक फिरून रिकाम्या हाताने परतले. औषध नाही असे त्यांना काही सापडले नाही. गुरू म्हणाले, तुझे शिक्षण पुरे झाले. मेंढीचे आतडे, खेकड्याचे कवच, दह्यातले आम्ल, बैलाच्या टाचेमागचा पट्टा यांची यादी पाहिली, की ती गोष्ट आठवते.

नळी म्हणजे जादू नव्हे

नवी वस्तू निघाली, की तिचा गाजावाजा होतो आणि गरिबाला वाटते, आपल्याला ती मिळाली नाही म्हणजे आपले नुकसान झाले. म्हणून हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी तपासणीत ९८ रुग्णांच्या हातातील तुटलेले १३६ मज्जातंतू पाहिले. काहींना विरघळणारी नळी बसवली, काहींना नेहमीच्या पद्धतीने शिवले किंवा पायातली नस वापरली. एकंदरीत दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या. काही विशिष्ट अंतरांना नळी सरस दिसली. तेव्हापासूनचा अनुभव असा, की बोटातला बारीक, नुसत्या संवेदनेचा मज्जातंतू असेल आणि अंतर थोडे असेल, तर नळी चांगले काम करते व पायाला चिरा पडत नाही. अंतर तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर नळीवर भरवसा ठेवत नाहीत. मनगटातली जाड, संवेदना आणि हालचाल दोन्ही सांभाळणारी दोरी असेल, तर बहुतेक शल्यविशारद अंगातलीच नस पसंत करतात. तेव्हा ताईंच्या मुलाला महागडी नळी परवडली नाही, तरी त्याचे नशीब फुटले असे नाही. त्याच्यासाठी जुना उपायच कदाचित अधिक चांगला असेल. ते तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील.

गरिबासाठी याच विद्येत काय करता येते, याचे एक उदाहरण आपल्याच देशात आहे. महारोगात मज्जातंतू आतून नष्ट होतो, पाय बधिर पडतो, काटा रुतला तरी कळत नाही, आणि जखमा वर्षानुवर्षे चिघळतात. अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन यांमुळे विदर्भातील आपल्या लोकांना हे दुःख जवळून ठाऊक आहे. तामिळनाडूतील कुंभकोणमच्या सेक्रेड हार्ट लेप्रसी सेंटरमध्ये डॉ. पालंदे आणि लंडनहून आलेले डॉ. परेरा यांनी अशा रुग्णांच्या बाबतीत वेगळा मार्ग धरला. रुग्णाच्याच अंगातील स्नायूचा तुकडा घ्यायचा, तो अतिशय थंड करून मग वितळवायचा, म्हणजे त्यातील पेशी मरतात आणि रिकाम्या बारीक नळ्यांची जुडी शिल्लक राहते. मज्जातंतूचा खराब झालेला भाग कापून तेथे ही जुडी बसवायची. तिचा मेलेला भाग शरीर हळूहळू साफ करते आणि कोंब आतून वाढतात. कारखान्यातली नळी नको, परदेशी माल नको. हे काम १९९१ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. अनेक वर्षांनी तेच रुग्ण पुन्हा तपासले, तेव्हा परत आलेली संवेदना त्यांच्यापैकी अनेकांत टिकून असल्याचे २००८ साली जाहीर झाले. ज्यांना समाजाने गावाबाहेर टाकले होते, त्यांच्या पावलांत पुन्हा जाणीव आली.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांनीही महारोग्यांचे हात, पाय आणि चेहरे नीट करण्यात आयुष्य वेचले. महारोगातील मज्जातंतूंवर संशोधन व्हावे म्हणून १९७५ साली फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था उभी केली. अलिबाग तालुक्यातील मांडवा भागात साध्या खेडूत बायका आरोग्याचे काम शिकून उत्तम करू शकतात, हेही त्यांनी दाखवून दिले. आम्ही पुढे जे सांगणार आहोत, ते त्याच विश्वासाने सांगत आहोत.

घरच्या घरी ओळखा

सध्या सोंगणी आणि मळणीचे दिवस आहेत. विळा, कुऱ्हाड, कडबा कुट्टी, थ्रेशर, म्हणजे आपला हडंबा, फुटलेली बाटली, पत्रा, या सगळ्यांनी हात कापतात. हात कापला तर स्वच्छ कापड दाबून धरा, हात उंच ठेवा. हळद, चुना, तंबाखू, रॉकेल काही भरू नका. दवाखान्यात टाके पडण्याआधी, सुन्न करण्याचे इंजेक्शन देण्याआधी, डॉक्टरांना हात जोडून एवढेच विचारा: "साहेब, बोटाला स्पर्श कळतो का ते पाहता का?" प्रत्येक बोटाच्या दोन्ही बाजूंना कापसाने शिवून पाहायचे. अंगठा करंगळीला टेकतो का, बोटे फाकतात का, मनगट वर उचलते का, तेही पाहायचे. यात काही चुकत असेल, तर हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जाण्याची चिठ्ठी त्याच वेळी मागून घ्यावी. पहिल्या एक-दोन आठवड्यांत केलेला जोड सर्वांत चांगला.

लहान मूल सांगू शकत नाही. त्याच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. जखम भरल्यावर हात कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा. धुणीभांडी केल्यावर आपली बोटे जशी सुरकुततात, तशी चांगली बोटे सुरकुततील. ज्याचा मज्जातंतू तुटला आहे ते बोट गुळगुळीत राहील. त्या बोटाला घामही येत नाही. असे दिसले तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नये.

ताईंनी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. कोणता मज्जातंतू तुटला आहे? अंतर किती पडेल? आमच्या मुलासाठी पायातली नस चांगली की नळी, आणि का? आणि शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम कोण शिकवणार? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्याला भेटावे, व ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का, नळी बसवली तर तिचा खर्च बसतो का, हे आधी विचारून घ्यावे. विचारण्याआधी शेळ्या विकू नयेत, सावकाराकडे तर जाऊच नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला डोणगावहून आपली मंडळी दीक्षाभूमीवर जातातच. त्या दिवशी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग बंद असू शकतो. पण एक-दोन दिवस आधी निघून किंवा मागे राहून नागपूरच्या शासकीय रुग्णालयात मुलाला दाखवता येईल. प्लास्टिक सर्जन किंवा हाताचे तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे आधी माहीत करून घ्यावे.

जोडल्यानंतरचे काम घरच्यांचे

शस्त्रक्रिया झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी बोट हलेल, अशी आशा धरू नये. महिने लागतात. मधल्या काळात जोडाच्या पुढे टिचकी मारली, की बोटात मुंग्या येतात. घाबरू नका, ही कोंब वाढत असल्याची खूण आहे. १९१५ साली टिनेल या फ्रेंच डॉक्टरांनी ती सांगितली. मुंग्यांची जागा महिन्या-महिन्याने बोटाकडे सरकत असेल, तर काम योग्य दिशेने चालले आहे.

बधिर बोट तव्याला, चहाच्या कपबशीला, बिडीला भाजते आणि कळत नाही. तोपर्यंत डोळ्यांनी राखावे. आखडू नये म्हणून रोज दुसऱ्या हाताने सर्व सांधे हलवावेत. संवेदना येऊ लागली, की मेंदूला नव्याने ओळख करून द्यावी लागते, कारण कोंब जुन्या जागी नेमके जातातच असे नाही. संध्याकाळी एका वाटीत ज्वारी, एकीत तूर, एकीत सोयाबीन, एकीत कापूस ठेवावा. डोळे मिटून बोटाने ओळखायचे, चुकले तर डोळे उघडून पाहायचे, पुन्हा मिटायचे. दहा-पंधरा मिनिटे, रोज. घरातल्या लहान भावंडांना यात खेळ वाटतो, आणि रुग्णाचा कंटाळा जातो.

ज्यांना वर्ष-दोन वर्षे होऊन गेली आहेत, त्यांनीही निराश होऊ नये. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस महारोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांसाठी, चांगल्या स्नायूची दोरी वळवून दुसरीकडे जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. त्या मार्गाने बधिर हातालाही मुठीत धरण्याची, पकडण्याची शक्ती देता येते. आज ती अनेक मोठ्या रुग्णालयांत होते. विचारले पाहिजे.

आमचे हे लिहिणे डॉक्टरांच्या तपासणीच्या जागी धरू नये. ते डॉक्टरांपुढे बसताना हाती चार प्रश्न असावेत म्हणून आहे. शिका, या शब्दाचा अर्थ फक्त शाळेतले शिक्षण असा नाही. आपल्या अंगात काय तुटले, ते कसे जुळते आणि त्याला किती वेळ आहे, हे विचारण्याचे धैर्यही त्यातच येते. हे पान वाचून झाल्यावर मळणीच्या मशीनवर राबणाऱ्या शेजाऱ्याला जरूर वाचून दाखवा. आणि घरात कोणाचे बोट कापल्यापासून बधिर असेल, तर आज रात्रीच कोमट पाण्याचे भांडे भरा.

जय भीम.